हिरव्या धावेचे साहेब

रस्त्यावर कागद दिसला की साहेब थांबायचे. सावकाश वाकायचे, दोन बोटांच्या चिमटीत तो कागद उचलायचे, उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "हे कुणाचं?" उत्तराची वाट ते कधी बघत नसत. जो कोणी सगळ्यात जवळ उभा असेल त्याच्या हातावर कागद ठेवायचे आणि पुढे चालू लागायचे.

त्यांच्याबरोबर वेशीपासून शाळेपर्यंत चालत आलेल्या माणसाचे खिसे फुगलेले असत. साहेबांचे खिसे मात्र इस्त्रीचे आणि सपाट. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. दुसऱ्याच्या हातांनी पुण्य करण्याची कला सगळ्यांना जमत नाही, पण ज्यांना जमते त्यांना फार छान जमते. मी गावच्या हायस्कुलात पीटी शिकवतो. धावण्याशी माझा संबंध आहे असं साहेबांनी एकदा धरून चालल्यावर सगळ्यात जवळ उभं राहण्याचं काम कायमचं माझ्याकडे आलं. गुटख्याच्या पुड्या, चॉकलेटचे कागद, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, एकदा तर अर्धी चप्पल, हे सगळं मी त्यांच्या हातून घेतलेलं आहे.

आमचं गाव श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून काही कोसांवर, कालव्याच्या काठी. साहेब तरुणपणी पाटबंधारे खात्यात होते आणि आमच्या भागातल्या चाऱ्या त्यांच्या ताब्यात होत्या. चारी म्हणजे कालव्यातून शेताकडे पाणी नेणारा लहान पाट. तेव्हा कुणाला किती तास पाणी सोडायचं हे साहेब ठरवायचे. त्यामुळे गावातली जुनी माणसं त्यांना अजून दोन्ही हातांनी नमस्कार करतात. निवृत्त झाल्यावर ते नगरला सावेडीत राहायला गेले. तिथे त्यांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतो, कुणी सोसायटीच्या कमिटीवर जाऊन लोकांचा पार्किंगवरून छळ करतो. साहेब पर्यावरणाला लागले.

ते कुठल्याशा शर्यतीला पुण्याला गेले होते. तिथे रस्त्यावर पडलेला बाटल्यांचा खच बघून त्यांना गहिवरून आलं म्हणे. आठवड्याभरात ते आमच्या ग्रामपंचायतीत हजर झाले. कालव्याच्या रस्त्याने एकवीस किलोमीटर धावायचं, नाव 'हरित धाव', आणि संपल्यावर रस्त्यावर कचऱ्याचा कणसुद्धा राहता कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं. कमिटीने माना डोलावल्या. प्लास्टिकबंदीवरची ही पहिली बैठक चालू असताना चहा प्लास्टिकच्या कपातून आला. साहेबांनी टेबलावरचा एक रिकामा कप उचलला आणि विचारलं, "हे कुणाचं?" तो त्यांचाच होता. माझ्याकडे आला.

पहिल्या वर्षीचे नियम साहेबांनी रात्रंदिवस खपून केले होते. बाटली नाही, कागदी ग्लास नाही. पाणी माठातलं, आणि प्रत्येक धावपटूने आपला पेला आपण आणायचा, कमरेला बांधायचा. आता स्टीलचा पेला कमरेला बांधून माणूस धावला की कसा वाजतो ते तुम्ही ऐकलं नसेल. आम्ही तीनशे माणसांचं एकदम ऐकलं. कालव्याकाठच्या वस्त्यांवरची सगळी कुत्री बाहेर आली आणि पहिले तीन किलोमीटर लोक ज्या वेगाने धावले, तो त्यांचा आयुष्यातला सर्वोत्तम वेग असावा.

पण खरी कमाल बाणांची होती. वळणावर दिशा दाखवायला प्लास्टिकचे फलक नकोत, म्हणून साहेबांनी बाण केले उसाच्या वाढ्याचे. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. हिरवागार बाण, संपूर्ण नैसर्गिक, नंतर मातीत मिसळणारा. प्रत्येक वळणावर पुरुषभर लांबीचा बाण मांडून आम्ही शनिवारी संध्याकाळी घरी गेलो. जानेवारीचे दिवस होते. कारखाना चालू होता, आणि पहाटेपासून त्याच रस्त्याने ऊसतोडीच्या बैलगाड्या जात होत्या. वाढं हे बैलांचं रोजचं खाणं. ज्या माणसाने उसाच्या पट्ट्यात पंधरा वर्षं नोकरी केली त्याला हे सुचलं नाही, आणि ज्यांचा जन्म इथे गेला त्या आम्हालाही सुचलं नाही, कारण साहेब सांगताहेत म्हटल्यावर डोकं चालवायची आमच्याकडे पद्धत नाही.

चारीवरच्या फरशीपुलापाशी शर्यत डावीकडे वळायची होती. तिथला बाण बैलांनी नीट देठापर्यंत साफ केला होता. सगळ्यात पुढचा धावपटू पुण्याचा, मनगटावर भलंमोठं घड्याळ. तो सरळ गेला, मागचे त्याच्या मागे गेले, आणि बैलगाड्यांच्या रांगेबरोबर थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचले. काट्यावरच्या कारकुनाने मान वर न करता त्याला विचारलं, "गाडी कुठंय?" मी मोटारसायकल घेऊन त्यांना परत आणायला गेलो तोवर त्यातले दोघे ऊस खात बसले होते. पहिला नंबर शेवटी श्रीरामपूरच्या एका बँकेतल्या कॅशियरला मिळाला. तो मुळात इतका हळू धावत होता की प्रत्येक वळणावर थांबून लोकांना रस्ता विचारायला त्याच्याकडे वेळ होता.

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. बैलांनी बाण खाल्ले याचा अर्थ बाणांचा कचरा झाला नाही, असं ते म्हणाले.

शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदकाऐवजी रोप दिलं. रोपं रोपवाटिकेतून आली होती, तेव्हा अर्थातच काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आली होती. निम्मे लोक रोप मंडपात विसरून मोटारीत बसले. तरीही दुपारी तीन वाजता रस्ता आरशासारखा स्वच्छ होता. साहेबांनी वाकून एक कागद उचलतानाचा फोटो काढून घेतला. पेपरात बातमी आली की ही जिल्ह्यातली पहिली कचरामुक्त धाव. फोटोत साहेबांच्या हातात दिसतो तो कागद अख्ख्या रस्त्यावर शोधून मीच आणून दिला होता, आणि फोटो झाल्यावर तो माझ्याकडेच परत आला.

रस्ता स्वच्छ कुणी केला, हे बातमीत नव्हतं. बौद्धवाडीतल्या बायकांनी केला. एकवीस किलोमीटर, पोती घेऊन, शेवटच्या धावपटूच्या मागे. त्यांच्या गळ्यात आम्ही 'स्वच्छतादूत' लिहिलेल्या पट्ट्या घातल्या होत्या. नाव चांगलं दिलं की काम बदलतं, अशी आपली एक समजूत असते. कामांची यादी माझ्या हातची होती. नाश्ता म्हणून लिहिलं आणि पुढे वरच्या आळीतल्या बायकांची नावं लिहिली. स्वच्छता म्हणून लिहिलं आणि पुढे बौद्धवाडी लिहिलं. पेन अडखळलं नाही. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं, म्हणजे दोष टाकायला दुसरा माणूससुद्धा नाही.

त्या बायकांचा बचत गट आहे आणि शोभाताई त्याच्या अध्यक्ष. त्यांची मुलगी माझ्याच हाताखाली खो-खो खेळून पुढे नर्सिंगला गेली. तालुक्याच्या प्रदर्शनात या गटाच्या पोह्यांना आणि थालिपिठांना रांग लागते, मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलो आहे. शर्यतीच्या आधी शोभाताई मला भेटून म्हणाल्या होत्या की नाश्त्याचं काम आमच्या गटाला द्या. मी "बघू" म्हणालो होतो. आमच्याकडे "बघू"चा अर्थ लहान पोरालाही कळतो.

दुसऱ्या वर्षी मी जुनीच यादी उतरवून काढली. शर्यतीच्या आठवडाभर आधी शाळेच्या हॉलमध्ये बैठक होती. दुपारची वेळ, साहेब टेबलामागे, आम्ही दोन्ही बाजूंना. चुन्याच्या फक्कीचे बाण करायचे असं नुकतंच एकमताने ठरलं होतं. शोभाताई आणि गटातल्या तिघी आत आल्या. शोभाताईंच्या हातात घडी घातलेली पोती होती आणि वर गेल्या वर्षीच्या पट्ट्या, धुऊन, वाळवून, नीट ठेवलेल्या. तो गठ्ठा त्यांनी साहेबांपुढे टेबलावर ठेवला.

"सायेब, हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी सवयीने शेजारी बघितलं. सगळ्यात जवळ मी होतो. मी हात खिशात घातले.

मग साहेबांनी बोलायला नको ते बोलून टाकलं. ते म्हणाले, "ताई, कुठलंच काम हलकं नसतं."

"मंग झालं तर," शोभाताई म्हणाल्या. "हलकं न्हाई तर तुमी घ्या. आमी पोहे करतो."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कमिटीतल्या एकाने घसा साफ करून सांगितलं की नाश्त्याचं आधीच ठरलेलं आहे, गावाचंही बघावं लागतं, उगाच नव्या गोष्टी नकोत. गावाचं काय बघावं लागतं ते त्याने सांगितलं नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि उभ्या असलेल्या चौघींना सर्वांत जास्त. शोभाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या साहेबांच्या उत्तराची वाट बघत होत्या.

साहेबांनी त्या गठ्ठ्याकडे बघितलं. आजवर हा प्रश्न त्यांनी साऱ्या जगाला विचारला होता. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनी पोती आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, "नाश्ता तुमचा. पोतं माझं."

मी त्यांना बायपासची आठवण करून दिली. खरं सांगायचं तर काळजीपोटी नाही. वरच्या आळीत आता काय उत्तर द्यायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. साहेब म्हणाले, डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय.

माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. पहिला किलोमीटर चालतील, फोटो होतील, मग जीपमध्ये बसतील आणि पोतं माझ्या गळ्यात येईल, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. त्या माणसाच्या खिशात मी कधी कागदाचा कपटा बघितला नव्हता. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही हेच धरलं असतं.

शर्यतीच्या सकाळी शेवटचा धावपटू सुटल्यावर साहेब निघाले. डोक्याला कानटोपी, एका खांद्यावर पोतं, हातात पुढे खिळा ठोकलेला बांबू. तो खिळ्याचा बांबू त्यांनी स्वतः तयार केला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दोघे फोटोवाले त्यांच्याबरोबर चार पावलं मागेपुढे पळाले आणि नाश्त्याला परत आले.

पोहे फार सुरेख झाले होते. बाहेरून आलेले धावपटू दोन-दोन ताटल्या खात होते. गावातल्या निम्म्या लोकांना मात्र त्या दिवशी उपास निघाला. कुठल्याच पंचांगात नसलेला तो उपास होता, आणि तो धरलेली माणसं मंडपामागे जाऊन टपरीवरची भजी खात होती. मी पोहे खाल्ले. पण ताटली हातात घेण्याआधी कोण कोण बघतंय ते मी बघून घेतलं, आणि हे शोभाताईंनी बघितलं. त्यांनी मला लिंबाची फोड जास्तीची वाढली. ती मला अजून आंबट लागते.

अकराच्या सुमारास शेवटचा धावपटू आला, तोच गेल्या वर्षीचा पहिला नंबर. टाळ्या झाल्या, लोक पांगले. बाराला आम्ही कमान उतरवली, खुर्च्या टेम्पोत भरल्या. साहेबांचा पत्ता नव्हता. जीप रिकामीच परत आली होती. बसा म्हटलं तर बसले नाहीत, असं ड्रायव्हर सांगत होता. शोभाताईंनी एक ताटली झाकून ठेवली होती. साडेबाराला त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमी जाता बगायला, का मी जाऊ?"

मी मोटारसायकलला किक मारणार एवढ्यात कालव्याच्या भरावावर साहेब दिसले. बांबूचा खिळा कुठेतरी निघून पडला होता आणि त्या बांबूची आता काठी झाली होती. पोतं भरून खांद्यावर होतं. पण माझं लक्ष गेलं ते दुसरीकडे. साहेबांच्या पँटचे दोन्ही खिसे टम्म फुगले होते. एका खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीचा कागद बाहेर डोकावत होता.

ते मंडपाच्या उरलेल्या सावलीत आले आणि पोतं खाली ठेवलं. आत जाणाऱ्या-येणाऱ्या श्वासाचा आवाज लांबपर्यंत येत होता. कौतुक करायला तिथे कुणी नव्हतं. शोभाताईंनी पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं, एखादी बाई बाजारातली भाजी बघते तसं.

"चारीच्या फरशीपाशी उसात बगितलं का?"

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. रस्त्यावरचं सगळं उचललं, असं ते म्हणाले.

"रस्त्यावं काय ऱ्हातंय, सायेब? समदं उसात असतंय. पळनारे तितं पानी पित्यात, ती ताकदीची चटणी चोखत्यात अन् पाकीट उसात टाकत्यात. गेल्या साली दोन पोती तितंच भरली हुती. हातं कापून निघाली आमची."

ताकदीची चटणी म्हणजे धावपटूंचं ते जेल, बोटभर चकचकीत पाकिटातलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. पेपरातली 'कचरामुक्त' ही पदवी कुठल्या उसातून निघाली होती ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि मलाही. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी टेम्पोतलं एक रिकामं पोतं ओढलं.

"आधी खाऊन घ्या," शोभाताई म्हणाल्या. "कचरा कुटं पळून चाल्ला न्हाई."

साहेबांनी उभ्याउभ्याच पोहे खाल्ले, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. ताटली स्वतः विसळली. मी म्हणालो, साहेब, आता राहू द्या, उद्या करू. ते म्हणाले, "उद्या कोण करणार?" त्याचं उत्तर मला येत होतं, आणि शोभाताई तिथेच उभ्या होत्या. मग साहेब वळले आणि आलेल्या वाटेने चालू लागले. मोटारसायकलवर बसायला त्यांनी नकार दिला, तेव्हा ती तिथेच लावून मीही चालत निघालो. लाजेने निघालो, दुसरं काही नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी साहेब गेले. नगरला, झोपेत. मी अंत्यविधीला गेलो होतो. शोभाताई आणि त्यांच्या गटातल्या दोघी माझ्या आधी येऊन थांबल्या होत्या.

शर्यत अजून होते. आता ती पुण्याची काही मंडळी भरवतात. कमान पूर्वीच्या दुप्पट असते, डीजे असतो, पाणी बाटल्यांतून मिळतं आणि नाव अजून 'हरित धाव'च आहे. बाण प्लास्टिकचे आहेत, ते कुठलाही बैल खात नाही. नाश्ता बंद डब्यांतून येतो, त्यामुळे गावात कुणाला उपास धरावा लागत नाही. सफाईला कंत्राटदार टेम्पो भरून बायका आणतो. त्या कुठल्या वस्तीवरच्या असतात, ते मी विचारत नाही.

साहेब होते तोवर मी त्यांची टिंगल केली आणि त्यातली बरीचशी त्यांनी कमावलेली होती. पण आता ते आठवतात ते त्या दुपारचेच. फरशीपुलाखालच्या उसात ते वाकून शिरले होते. उसाचं पातं कापतं, त्यांच्या मनगटांवर रक्ताच्या बारीक रेघा उठल्या होत्या. सरीत एक चकचकीत पाकीट पडलं होतं. त्यांनी ते दोन बोटांच्या चिमटीत उचललं, उलटसुलट करून बघितलं. आता प्रश्न येणार, म्हणून मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, पाकीट स्वतःच्या खिशात कोंबलं आणि ते पुढच्या सरीत शिरले. मी हात तसाच धरून उभा राहिलो.